सॅक्रामेंटो किंग्स: तीनदा बिऱ्हाड हलवलेल्या बास्केटबॉल टीमला एका शहरानं कसं थांबवलं?

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ३० टीम आहेत. लेकर्स, सेल्टिक्स, वॉरियर्स, बुल्स ही नावं बास्केटबॉल न बघणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात. सॅक्रामेंटो किंग्स हे नाव त्या यादीत सहसा नसतं.

त्याचं कारण साधं आहे. या टीमनं एनबीएचं विजेतेपद एकदाच जिंकलंय, तेही १९५१ साली. त्यानंतर ती एकदाही फायनलपर्यंत पोहोचलेली नाही. लीगमध्ये विजेतेपदासाठी इतकी वर्षं वाट बघणारी दुसरी टीम नाही. सलग १६ हंगाम प्लेऑफमध्ये न जाण्याचा विक्रमही याच टीमच्या नावावर आहे.

तरीही २०१३ साली ही टीम दुसऱ्या शहरात जाणार असं जवळपास ठरलं, तेव्हा सॅक्रामेंटोनं ती जाऊ दिली नाही. फॅन रस्त्यावर आले, महापौर कामाला लागले, महापालिकेनं तिजोरी उघडली आणि मुंबईत जन्मलेला एक उद्योजक मालक म्हणून पुढं आला.

या टीमचा इतिहास, तिचे गाजलेले आणि फसलेले हंगाम, तिचे मोठे खेळाडू आणि अलीकडचा संघ हे सगळं क्रमानं बघूया.

आधी हे समजून घ्या: टीम नेमकी कोणाची असते?

एनबीएमधली प्रत्येक टीम म्हणजे एक फ्रँचायझी, आपल्या आयपीएलसारखी. शेवटचा नंबर आला म्हणून कोणी खालच्या लीगमध्ये जात नाही. टीमवर मालकी खासगी असते. टीमच्या नावात शहर असतं, पण त्या शहराचा टीमवर कायदेशीर हक्क नसतो.

मालकाला टीम दुसऱ्या शहरात न्यायची असेल तर बाकीच्या टीमच्या मालकांची मंजुरी लागते. ती मिळाली की टीम सामान बांधून निघते. जुन्या शहरातल्या फॅनना कोणी विचारत नाही.

एक हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. प्रत्येक टीम ८२ मॅच खेळते. पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत प्रत्येकी १५ टीम असतात. दोन्हीकडच्या आठ-आठ टीम प्लेऑफमध्ये जातात आणि तिथल्या प्रत्येक फेरीत सातपैकी चार मॅच जिंकणारी टीम पुढं सरकते. आता पहिल्या सहा टीम थेट जातात आणि सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या टीमना प्ले-इन नावाची छोटी पात्रता फेरी खेळावी लागते.

किंग्स पश्चिम विभागात खेळतात.

रॉचेस्टर: सुरुवात आणि एकमेव विजेतेपद

या टीमचं मूळ १९२३ पर्यंत मागं जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर या शहरात सीग्राम्स नावाची एक टीम होती. लेस हॅरिसन हा तिचा कर्ताधर्ता. १९४५ साली लेस आणि त्याचा भाऊ जॅक यांनी नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवला. टीमचं नाव झालं रॉचेस्टर रॉयल्स. पहिल्याच हंगामात, म्हणजे १९४५-४६मध्ये, रॉयल्सनं त्या लीगचं विजेतेपद मिळवलं.

१९४८ साली रॉयल्स दुसऱ्या एका लीगमध्ये गेले. पुढच्याच वर्षी या दोन्ही लीग एकत्र आल्या आणि एनबीए हे नाव जन्माला आलं. म्हणजे ही टीम एनबीएच्या पहिल्या दिवसापासून तिथं आहे.

१९५१च्या प्लेऑफमध्ये रॉयल्सनं त्या काळची सगळ्यात ताकदवान टीम, जॉर्ज मायकनची मिनियापोलिस लेकर्स, हरवली. फायनलमध्ये समोर न्यूयॉर्क निक्स होते. रॉयल्सनं पहिल्या तीन मॅच जिंकल्या आणि पुढच्या तीन हरल्या. सातवी मॅच ७९-७५ अशी जिंकून त्यांनी चषक घेतला. बॉब डेव्हिस, बॉबी वँझर आणि आर्नी रायझन हे त्या संघाचे आधारस्तंभ होते. त्याच संघातला रेड होल्झमन पुढं कोच झाला आणि त्यानं निक्सना १९७० आणि १९७३ची विजेतेपदं मिळवून दिली.

पण रॉचेस्टर लहान शहर. लीग मोठ्या शहरांकडे वळत होती आणि तिकीटविक्रीवर खर्च भागेना. १९५७ साली हॅरिसन बंधूंनी टीम ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला नेली. हे पहिलं स्थलांतर.

सिनसिनाटी: स्टोक्सचा अपघात आणि रॉबर्टसनचे विक्रम

सिनसिनाटी रॉयल्सकडे मॉरिस स्टोक्स नावाचा जबरदस्त खेळाडू होता. १९५६ साली तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. १२ मार्च १९५८ला मिनियापोलिसमध्ये नियमित हंगामाची शेवटची मॅच होती. स्टोक्स उंचावरून पडला, डोकं कोर्टवर आदळलं आणि तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आल्यावर तो पुन्हा खेळायला उतरला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर बसवायचं, अशी पद्धत तेव्हा नव्हती.

तीन दिवसांनी डेट्रॉइटमध्ये प्लेऑफची मॅच खेळून परत येताना विमानातच त्याची तब्येत बिघडली आणि पुढं त्याला कायमचा अर्धांगवायू झाला. तेव्हा त्याचं वय होतं अवघं २४.

इथून पुढं त्याची जबाबदारी घेतली त्याचा सहखेळाडू जॅक ट्वायमन यानं. ट्वायमन गोरा, स्टोक्स कृष्णवर्णीय, आणि अमेरिकेत वंशभेद कायद्यानंच चालू असलेला तो काळ. २३ वर्षांचा ट्वायमन स्टोक्सचा कायदेशीर पालक झाला. उपचारांचा खर्च भागवण्यासाठी त्यानं निधी जमवणाऱ्या मॅच भरवल्या, नुकसानभरपाईसाठी पाठपुरावा केला. स्टोक्स १९७० साली गेला. तोवर, म्हणजे बारा वर्षं, ट्वायमननं ही जबाबदारी सोडली नाही. आज एनबीए सर्वोत्तम सहखेळाडूला जो पुरस्कार देते, त्याला ट्वायमन आणि स्टोक्स या दोघांचं नाव आहे.

१९६० साली टीममध्ये आला ऑस्कर रॉबर्टसन. तो सिनसिनाटी विद्यापीठातच शिकला होता आणि त्याच वर्षी रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकून आला होता. १९६१-६२च्या हंगामात त्यानं प्रत्येक मॅचमागं सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट केले. तिन्ही आकडे दोन अंकी असले की त्याला ट्रिपल-डबल म्हणतात. एका मॅचमध्येही ही कामगिरी अवघड असते. रॉबर्टसननं ती पूर्ण हंगामाची सरासरी म्हणून करून दाखवली. हे पुन्हा घडायला २०१७ साल उजाडावं लागलं.

१९६३-६४मध्ये रॉयल्सनं ५५ मॅच जिंकल्या आणि रॉबर्टसन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अडचण एकच होती: वाटेत बिल रसेलची बोस्टन सेल्टिक्स उभी असायची. १९६३ साली विभागाच्या फायनलला रॉयल्स त्यांच्याकडून सातव्या मॅचमध्ये हरले आणि १९६४लाही त्यांनाच.

हळूहळू प्रेक्षक आटले. काही होम मॅच टीम दुसऱ्याच गावांत खेळू लागली. १९७० साली रॉबर्टसनला मिलवॉकी बक्सकडे देण्यात आलं आणि पुढच्याच वर्षी त्यानं तिथं विजेतेपद जिंकलं.

रॉबर्टसनचं आणखी एक मोठं काम कोर्टाबाहेरचं आहे. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९७० साली त्याच्या नावानं लीगविरुद्ध खटला दाखल झाला. एकदा करार झाला की खेळाडू त्या टीमला कायमचा बांधला जायचा, या पद्धतीला तो विरोध होता. १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसरी टीम निवडण्याचा मार्ग खेळाडूंसाठी खुला झाला. आज खेळाडू कोट्यवधी डॉलरचे करार करतात, त्याची मुळं या खटल्यात आहेत.

कॅन्सस सिटी: नाव बदललं, छतही कोसळलं

१९७२ साली टीम दुसऱ्यांदा हलली. या वेळी तिला दोन घरं मिळाली. मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी आणि नेब्रास्का राज्यातलं ओमाहा. कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाची बेसबॉल टीम आधीपासून होती, म्हणून इथं रॉयल्सचे किंग्स झाले. १९७५पासून टीमच्या नावातून ओमाहा गेलं.

पहिल्याच हंगामात नेट आर्चिबाल्डनं कमाल केली. ‘टायनी’ या टोपणनावानं ओळखला जाणारा हा खेळाडू सहा फूट एक इंच उंच. बास्केटबॉलमध्ये ही उंची कमीच. त्यानं १९७२-७३मध्ये सरासरी ३४ गुण आणि ११.४ असिस्ट करून दोन्ही यादीत पहिला क्रमांक पटकावला. एकाच हंगामात दोन्ही अधिकृत यादींमध्ये लीगमध्ये पहिला येणारा तो पहिला खेळाडू.

४ जून १९७९ला मुसळधार पावसात किंग्सच्या केम्पर अरेनाचं छत कोसळलं. सुदैवानं आत कोणी नव्हतं. पुढच्या हंगामातला बराच काळ टीमला जुन्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये खेळावं लागलं.

१९८०-८१ हा इथला सगळ्यात अजब हंगाम. किंग्सनं ४० मॅच जिंकल्या आणि ४२ हरल्या. म्हणजे हार जास्त. तरीही प्लेऑफमध्ये ते पश्चिम विभागाच्या फायनलपर्यंत गेले आणि ह्यूस्टनकडून हरले.

१९८३ साली सॅक्रामेंटोच्या बांधकाम व्यावसायिकांच्या गटानं टीम विकत घेतली. ग्रेग ल्युकनबिल त्यात पुढं होता. दोन वर्षांनी, १९८५मध्ये, तिसरं स्थलांतर झालं.

सॅक्रामेंटो: हरणाऱ्या टीमवर जीव टाकणारं शहर

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्निया राज्याची राजधानी. पण लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोपुढं तिला कोण विचारतो? मोठ्या लीगमधली एकही टीम या शहराकडे नव्हती. किंग्स आले आणि शहराचं नाव पहिल्यांदा रोज देशभरातल्या क्रीडापानावर छापून येऊ लागलं.

सुरुवातीला किंग्स एका तात्पुरत्या, जेमतेम १० हजार आसनांच्या स्टेडियममध्ये खेळले. १९८८ला शहराबाहेरच्या मोकळ्या शेतजमिनीवर नवीन आर्को अरेना उभं राहिलं. प्रेक्षकांची गर्दी होती, विजय मात्र नव्हते. १९९०-९१च्या हंगामात बाहेरगावच्या ४१ मॅचपैकी किंग्सनं फक्त एक जिंकली. नव्वदच्या दशकात मिच रिचमंडनं एकहाती किल्ला लढवला, तेव्हा कुठं १९९६ला दहा वर्षांनी प्लेऑफ दिसली.

१९९८मध्ये चित्र पालटलं. व्यवस्थापक जेफ पेट्री यांनी रिचमंडला देऊन वॉशिंग्टनकडून ख्रिस वेबर आणला. सर्बियाचा व्लाडे डिवाच आला. नवोदित जेसन विल्यम्स आला आणि युरोपात खेळणारा पेजा स्टोयाकोविचही आला. रिक अॅडलमन कोच झाले. पास फिरत राहायचा, बॉल एकाच्या हातात थांबायचाच नाही. २००१ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं या टीमला मुखपृष्ठावर घेऊन कोर्टवरचा सगळ्यात भारी खेळ असं म्हटलं. त्याच वर्षी विल्यम्सच्या जागी माइक बिबी आला आणि टीम पूर्ण झाली.

लेकर्सचे कोच फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोच्या लोकांना अर्धसंस्कृत म्हणून हिणवलं होतं. फॅननी उत्तर म्हणून गाईच्या गळ्यातल्या घंटा स्टेडियममध्ये आणखी जोरात वाजवल्या.

२००२: जखम अजून भरलेली नाही

२००१-०२मध्ये किंग्सनं ६१ मॅच जिंकल्या. टीमच्या इतिहासातली ही सर्वोत्तम कामगिरी, आणि त्या हंगामात लीगमध्येही सगळ्यात जास्त विजय त्यांचेच. पश्चिम विभागाच्या फायनलला समोर होते शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांचे लेकर्स.

किंग्स २-१नं पुढं होते. चौथ्या मॅचमध्ये त्यांच्याकडे एका क्षणी २४ गुणांची आघाडी होती. शेवटच्या सेकंदांत डिवाचनं बॉल बास्केटपासून दूर ढकलला, तो थेट रॉबर्ट हॉरीच्या हातात गेला. हॉरीनं तीन गुणांचा शॉट मारला आणि लेकर्स १००-९९नं जिंकले.

पाचवी मॅच बिबीच्या शॉटवर किंग्सनं ९२-९१ अशी घेतली. सहावी मॅच आजही वादात आहे. शेवटच्या १२ मिनिटांत लेकर्सला तब्बल २७ फ्री थ्रो मिळाले आणि ते १०६-१०२नं जिंकले. पुढं जुगार प्रकरणात दोषी ठरलेल्या टिम डोनाघी या पंचानं २००८मध्ये या मालिकेतल्या पंचगिरीवर संशय घेतला. एनबीएनं हे आरोप फेटाळले आणि ते सिद्ध झालेले नाहीत.

पण पंचांवर सगळं ढकलून चालत नाही. सातवी मॅच सॅक्रामेंटोतच होती. किंग्सला ३० फ्री थ्रो मिळाले, त्यातले १४ त्यांनी चुकवले. मॅच जादा वेळेत गेली आणि लेकर्स ११२-१०६नं जिंकले. पुढं फायनलला लेकर्सनं न्यू जर्सी नेट्सला ४-०नं धुतलं.

२००३च्या प्लेऑफमध्ये वेबरचा गुडघा गेला. २००५ला त्यालाच दुसरीकडे पाठवलं. २००६ला किंग्स पहिल्या फेरीत सॅन अँटोनियोकडून हरले. त्यानंतर १६ हंगाम प्लेऑफ नाही.

टीम जाणार होती ती गोष्ट

१९९९पासून टीमचा ताबा लास वेगासमधल्या मालूफ कुटुंबाकडे होता. त्यांना नवीन स्टेडियम हवं होतं. २००६ला त्यासाठी विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांपुढं आला आणि मतदारांनी तो आपटला.

२०११ला मालूफ टीम अॅनाहाइमला नेण्याच्या बेतात होते. सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन तेव्हा पुढं सरसावले. जॉन्सन स्वतः एनबीएमधले माजी स्टार आणि याच शहरात जन्मलेले. त्यांनी स्थानिक उद्योगांकडून प्रायोजकत्वाची आश्वासनं गोळा केली आणि एक वर्षाची मुदत मिळवली. २०१२ला नवीन स्टेडियमचा करार ठरला, पण मालूफ मागं फिरले.

जानेवारी २०१३मध्ये बातमी आली की मालूफ कुटुंबानं टीम सिएटलच्या गटाला विकायचं ठरवलं आहे. ख्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर त्या गटात होते.

सिएटलची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांची सुपरसॉनिक्स ही टीम २००८ साली मालकानं ओक्लाहोमा सिटीला नेली होती. म्हणजे ज्या शहराची टीम पळवली गेली, तेच शहर आता दुसऱ्याची टीम नेत होतं.

महापौरांपुढं दोन कामं होती. नवा मालक शोधायचा आणि स्टेडियमची योजना आणायची. मालक म्हणून पुढं आले विवेक रणदिवे. मुंबईत जन्म, एमआयटी आणि हार्वर्डमध्ये शिक्षण, टिबको या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक आणि तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक.

सिएटलच्या गटानं बोली वाढवत नेली. टीमचं मूल्य आधी ५२.५ कोटी डॉलर धरलं होतं, ते शेवटी ६२.५ कोटींवर नेलं. सॅक्रामेंटोची बोली त्यापेक्षा कमी होती. तरीही १५ मे २०१३ला मालकांच्या मंडळानं २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं. रणदिवे यांच्या गटानं ५३ कोटी डॉलरहून जास्त मूल्यावर टीमचा ताबा घेतला. भारतात जन्मलेला एनबीए टीमचा हा पहिला मुख्य मालक.

पण बिल कोणी भरलं?

शहराच्या मध्यभागी गोल्डन वन सेंटर हे नवीन स्टेडियम २०१६ला उघडलं. खर्च ५५ कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातला सुमारे २५.५ कोटींचा वाटा महापालिकेनं उचलला, मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर काढलेल्या कर्जरोख्यांतून.

यावर टीकाही झाली. खासगी मालकांच्या धंद्यासाठी जनतेचा पैसा का, असा प्रश्न विचारला गेला. सार्वमतासाठी सह्यांची मोहीमही झाली, पण ते मतदान झालंच नाही. समर्थक म्हणतात की शहराचा ओस पडलेला मध्यभाग त्यामुळं पुन्हा गजबजला. विरोधक म्हणतात की लीगनं शहराच्या भावनेवर बोट ठेवून पैसे काढून घेतले.

दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. फॅननी टीम वाचवली यात शंका नाही. पण लीगला दाखवायला स्टेडियमचा करार नसता, तर नुसत्या घोषणांवर २२ मतं मिळाली नसती. शिवाय २०१४ साली याच बामर यांनी लॉस एंजेलिस क्लिपर्स ही टीम तब्बल २०० कोटी डॉलरना विकत घेतली. टीमची किंमत वर्षभरात कुठून कुठं गेली, ते यावरून समजतं.

भारताशी नातं

एप्रिल २०१५मध्ये किंग्सनं सिम भुल्लर या सात फूट पाच इंच उंचीच्या कॅनडियन खेळाडूला संधी दिली. तो फक्त तीन मॅच खेळला, पण एनबीएमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्स आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले. भारतात झालेल्या एनबीएच्या या पहिल्याच मॅच. पहिल्या मॅचला प्रेक्षक होते तीन हजारांहून जास्त शाळकरी मुलं. पेसर्सनं ती जादा वेळेत १३२-१३१ अशी जिंकली, आणि दुसरी १३०-१०६.

जांभळा प्रकाशझोत

रणदिवे आले म्हणून लगेच विजय आले नाहीत. कोच येत-जात राहिले. २०१७मध्ये डिमार्कस कझिन्सला सोडलं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगलीला निवडलं, आणि लुका डॉन्चिच दुसरीकडे गेला. या निवडीवरून फॅन आजही कपाळाला हात लावतात.

फेब्रुवारी २०२२मध्ये तरुण आणि लाडक्या टायरीस हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन डोमांटास साबोनिसला आणलं. लोक चिडले. त्याच वर्षी माइक ब्राउन कोच झाले आणि स्टेडियमच्या छतावर लेझर बसवले गेले. प्रत्येक विजयानंतर बटण दाबायचं आणि जांभळा झोत आकाशात सोडायचा. ‘लाइट द बीम’ ही घोषणा बघता बघता देशभर पसरली.

२०२२-२३मध्ये किंग्सनं ४८ मॅच जिंकल्या आणि पश्चिमेत तिसरा क्रमांक मिळवला. क्लिपर्सविरुद्धची १७६-१७५ ही मॅच एनबीएच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची सर्वाधिक गुणांची मॅच ठरली. २९ मार्च २०२३ला पोर्टलंडला हरवून १६ हंगामांचा दुष्काळ संपला. ब्राउन एकमतानं सर्वोत्तम कोच ठरले. पहिल्या फेरीत वॉरियर्सविरुद्ध मालिका सातव्या मॅचपर्यंत गेली आणि तिथं स्टीफन करीनं एकट्यानं ५० गुण केले.

मग घसरण सुरू झाली. २०२३-२४ला ४६ विजय मिळूनही प्लेऑफ हुकली. डिसेंबर २०२४मध्ये ब्राउन यांना काढलं आणि २००२च्या संघातले डग ख्रिस्टी कोच झाले. फेब्रुवारी २०२५मध्ये टीमचा चेहरा असलेला डीअॅरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. हंगाम ४० विजय आणि ४२ पराभवांवर संपला. त्याच वर्षीच्या फायनलला ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना समोरासमोर होते. एक टीम पूर्वीची सिएटलची, आणि दुसरीचा हिरो सॅक्रामेंटोनं सोडलेला हॅलिबर्टन.

२०२५-२६चा हंगाम सुरू झाला तेव्हाचा संघ

- डोमांटास साबोनिस: सेंटर, लिथुएनियाचा. २०२२-२३पासून सलग तीन हंगाम रिबाउंडच्या सरासरीत लीगमध्ये पहिला.
- झॅक लाव्हीन: फॉक्सच्या सौद्यात शिकागोहून आलेला गार्ड.
- डिमार डिरोझन: अनुभवी फॉरवर्ड, मधल्या अंतरावरून शॉट मारण्यात वाकबगार.
- कीगन मरे: २०२२च्या ड्राफ्टमधली चौथी निवड. पहिल्याच हंगामात तीन गुणांचे २०६ शॉट मारून त्यानं नवोदितांचा विक्रम केला.
- मलिक मंक: बाकावरून येऊन सामना फिरवणारा गार्ड.
- डेनिस श्रोडर: जर्मनीच्या २०२३ विश्वचषक विजेत्या संघाचा कर्णधार.
- रसेल वेस्टब्रुक: ऑस्कर रॉबर्टसननंतर हंगामभर ट्रिपल-डबलची सरासरी राखणारा पहिला खेळाडू. रॉबर्टसनचा १८१ ट्रिपल-डबलचा विक्रमही २०२१मध्ये यानंच मोडला.
- कीऑन एलिस: बचावात तरबेज गार्ड.
- नीक क्लिफर्ड आणि मॅक्सिम रेनो: २०२५च्या ड्राफ्टमधले नवोदित.

एनबीएमध्ये हंगामाच्या मधेही खेळाडूंची अदलाबदल होते, त्यामुळं ही यादी हंगामाच्या सुरुवातीची समजावी.

छताला टांगलेले नंबर

मोठ्या खेळाडूंचा सन्मान म्हणून त्यांचा जर्सी नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. किंग्सनं असे नंबर जपलेत: आर्चिबाल्ड १, रिचमंड २, वेबर ४, डेव्हिस ११, स्टोक्स १२, रॉबर्टसन १४, स्टोयाकोविच १६, डिवाच २१, ट्वायमन २७ आणि सॅम लेसी ४४. यातल्या डेव्हिस, स्टोक्स, रॉबर्टसन आणि ट्वायमन यांनी किंग्स हे नाव कधी घातलंच नाही, सॅक्रामेंटोसाठी ते कधी खेळलेही नाहीत. तरी शहरानं जुन्या गावांचा वारसा सोडलेला नाही.

या यादीत ६ नंबरही आहे. कोर्टवर एका टीमचे पाच खेळाडू असतात. सहावा नंबर फॅनचा.